भरती की ओपीडी?

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बाकावर एखादी बाई एकटी बसलेली दिसली, की केसपेपर काढणारा हमखास विचारतो, ‘पेशंट कुठाय?’ नवरा गाडी लावायला गेला असेल, नाहीतर भाऊ चहाला गेला असेल, असं तो धरूनच चालतो. त्याला दोष द्यावा असंही नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १० ते ७५ वयोगटातल्या पुरुषांमध्ये दारू पिणारे २७.३ टक्के निघाले, बायकांमध्ये १.६ टक्के. म्हणजे सतरा पुरुषांमागे एक बाई. दवाखान्याच्या बाकावर हे प्रमाण आणखी घसरतं. सतरांतल्या काहींना बायको किंवा आई ओढून तरी आणते. त्या एकीला आणणारं कोणी नसतं, आणि ती स्वतःहून निघाली तर ‘कुठे चाललीस’ याचं उत्तर तिला तयार ठेवावं लागतं.

उपचाराचे दोन रस्ते आपण मागच्या प्रकरणात पाहिले. भरती म्हणजे केंद्रात राहून उपचार, साधारण महिना-सव्वा महिना; पुण्याच्या मुक्तांगणात हा काळ पस्तीस दिवसांचा आहे. ओपीडी म्हणजे घरी राहून ठरल्या दिवशी डॉक्टर आणि समुपदेशकाकडे जायचं, गोळ्या घ्यायच्या, गटाच्या बैठकीला बसायचं. पुरुषाच्या बाबतीत यातला कोणता रस्ता, हे बहुतेक वेळा व्यसन किती जुनं आणि तब्येत किती ढासळलेली यावर ठरतं. बाईच्या बाबतीत ते डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच घरात ठरलेलं असतं. ‘धाकट्याची दहावी होऊ दे, मग बघू.’ ‘सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आत्ता ही गेली तर कसं व्हायचं?’ किंवा याच्या अगदी उलट : ‘हिला सहा महिने कुठेतरी ठेवून घ्या, सुधारली की कळवा.’

पहिल्या घरातल्या बाईला भरतीची निकड असते आणि ती घरीच राहते. दुसऱ्या घरातली बाई ओपीडीत बरी झाली असती आणि तिला घराबाहेर काढलं जातं. दोन्हीकडे प्रश्न विचारला गेला तो घराच्या सोयीचा. या घरात राहून तिला व्यसन सोडता येईल का, हे कोणी पाहिलंच नाही. हे सगळं प्रकरण त्या एका प्रश्नासाठी लिहिलं आहे.

आधी संशोधनाकडे पाहू, कारण ‘भरती करून काही फायदा नसतो, हे सिद्धच झालंय’ असं सांगणारे भेटतात. त्या समजुतीचं मूळ लंडनमध्ये आहे. मनोविकारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दारूच्या आहारी गेलेले शंभर जण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. एका गटाला एकदाच बसवून नीट सल्ला दिला : दारू सोडायची आहे आणि ती जबाबदारी तुमची आहे. दुसऱ्या गटाला औषधं, मनोविकारतज्ज्ञांच्या भेटी, समाजसेवकांची मदत आणि गरज पडली तर वॉर्डात दाखल करणं, असा भरगच्च उपचार दिला. वर्षाने मोजलं तर दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक नव्हता. तेव्हा बरीच खळबळ माजली. पुढच्या अनेक अभ्यासांची बेरीज केल्यावरही भरती सरसकट सरस ठरलेली नाही, हे खरंच आहे.

पण ते शंभर जण कोण होते? सगळे पुरुष, सगळे विवाहित. एकदाच दिलेला तो सल्लासुद्धा बायकोला शेजारी बसवून दिला होता. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता सल्ला’ म्हणतो, त्याच्यासोबत घरी एक माणूस चोवीस तास हजर होतं. जेवण वेळेवर देणारं, बाटली शोधून ओतून टाकणारं, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणारं. पिणाऱ्या बाईच्या घरी हे काम कोण करतं? तिच्या घरी तीच ते करत आलेली असते. त्यामुळे हा निष्कर्ष उचलून तिला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

बायकांवरचा एक अभ्यास मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात १९८१ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या बायकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. लेना डालग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे बायकांची विभागणी करून शंभर जणींना या विभागात आणि शंभर जणींना पुरुषांसोबतच्या नेहमीच्या विभागात उपचार दिले. दोन वर्षांनी स्वतंत्र विभागातल्या बायकांची दारूही जास्त आटोक्यात होती आणि घर-नोकरीची घडीही बरी बसली होती. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यावरून मी धडा घेतो तो असा, की उपचार कोणत्या छपराखाली होतो याइतकंच तो कोणाच्या सोबतीने होतो यालाही महत्त्व आहे. पंधरा पुरुषांच्या गटात बसून ‘माझ्या मेव्हण्याने माझ्याशी काय केलं’ हे कोणती बाई सांगेल? आणि ते सांगितल्याशिवाय तिच्या पिण्याचं कारण उलगडायचं कसं? व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य, भीतीचे विकार आणि अंगावर आलेल्या हिंसेचा इतिहास पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो.

आता शरीराकडे. तेवढ्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा पाणी कमी असतं आणि दारूचं विघटन करणारं जठरातलं विकरही कमी काम करतं. त्यामुळे तेवढ्याच पेगने तिच्या रक्तात दारू जास्त चढते. यकृताचा आजार कमी वर्षांत आणि कमी दारूवर होतो. पहिल्या घोटापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा प्रवासही बायकांमध्ये आखूड असतो. ‘तीनच वर्षं झालीत हो, नवरा तर वीस वर्षं पितोय’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारं नाही. ओपीडी की भरती हे ठरवण्याआधी यकृताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन आणि बाई गर्भवती आहे का याची चाचणी झालीच पाहिजे.

दारू थांबवल्यावरचे पहिले चार-पाच दिवस सगळ्यांत जोखमीचे. इथे मतभेदाला जागा नाही. डॉक्टर म्हणतात, ‘हात पुढे करा, बोटं फाकवा.’ बाई हात पुढे करते आणि बांगड्या वाजायला लागतात. मनगट घट्ट धरून ती त्या थांबवायला बघते. हा थरथराट शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत सुरू होतो. सोबत घाम, उलट्या, छातीत धडधड, झोप उडणं. फेफऱ्यासारखे झटके यायचे असतील तर ते साधारण पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम होणं, वेळकाळाचं भान सुटणं, भिंतीवर किडे दिसणं ही सगळ्यांत वाईट अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला येते आणि उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतू शकते. या त्रासाची तीव्रता मोजायला डॉक्टरांकडे दहा मुद्द्यांचं एक मोजमाप असतं. त्यात गुण कमी असतील, पूर्वी कधी झटका किंवा भ्रम झालेला नसेल, मोठा आजार नसेल, मनात आत्महत्येचे विचार नसतील, गरोदरपण नसेल आणि घरात न पिणारं, जागं राहणारं एक मोठं माणूस असेल, तर हे दिवस घरी काढता येतात. डॉक्टर रोज किंवा दिवसाआड बोलावतात, गोळ्या मोजून देतात. यातली एकही अट मोडली तर दाखल करायचं. मग दहावी असो की दिवाळी.

याच टप्प्यावर मध्यमवर्गीय घरांत एक पळवाट निघते. भरती नको, बोभाटा नको. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून घरीच दोन सलाईन लावून घ्यायच्या. शेजारी विचारलं तर ‘डेंगीसारखं वाटतंय’. ही गोष्ट वरवर निरुपद्रवी दिसते. पण अनेक महिने दारूवर काढलेल्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, खडखडाट असतो. ते आधी न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. हे घरच्यांनी डॉक्टरांना विचारलं तर त्यात उद्धटपणा काही नाही.

दारूबद्दल इतकं बोललो, पण बायकांचं व्यसन म्हटलं की बाटलीच डोळ्यांसमोर आणायचं कारण नाही. महाराष्ट्रात बायकांमध्ये रुजलेलं व्यसन मिशरीचं. तव्यावर भाजलेली तंबाखू, डबीत भरून मोरीच्या फळीवर ठेवलेली, सकाळी दातांना आणि मग दिवसातून चार वेळा. तिला कोणी व्यसन म्हणत नाही आणि तिच्यासाठी कोणाला दाखलही करावं लागत नाही. ओपीडी, निकोटिनचा च्युइंगगम, दंतवैद्याकडून तोंडाची तपासणी आणि १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडणाऱ्यांची मोफत फोनसेवा एवढ्यावर काम होतं. अट एकच : घरातल्या इतर बायकांच्या डब्याही त्याच वेळी बंद झाल्या पाहिजेत.

झोपेच्या गोळ्यांची गोष्ट अवघड आहे आणि ती बायकांच्या बाबतीत फार ऐकली जाते. बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीच्या वेळी, नवरा गेल्यावर कोणीतरी अल्प्राझोलॅमची चिठ्ठी लिहून दिलेली असते. चिठ्ठी संपते, दुकानदार ओळखीचा असतो, अर्ध्या गोळीची एक होते, एकीच्या तीन. घरात कोणाला संशयही येत नाही, कारण वास येत नाही. एके दिवशी मुलीला स्ट्रिप सापडते, ती घाबरून सगळ्या गोळ्या संडासात टाकते आणि तिसऱ्या दिवशी आईला झटका येतो. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. डॉक्टर कित्येकदा आधी जास्त काळ परिणाम टिकणाऱ्या गोळीवर आणतात आणि मग आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवतात. शेवटचा टप्पा सगळ्यांत सावकाश. हे काम काही महिने चालतं, म्हणून ते मुळातच ओपीडीचं. महिनाभराच्या भरतीत ते घाईने उरकलं तर बाई गोळीविना घरी येते खरी, पण झोपेविनाही येते, आणि दुकानदार तिथेच असतो. फार मोठी मात्रा असेल, पूर्वी झटका आला असेल किंवा सोबत दारूही असेल, तर सुरुवात वॉर्डात करावी.

गर्द, हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातही घरच्यांचा कल ‘आत टाका, सगळं बंद करा’ याकडे असतो. हे अफूवर्गीय पदार्थ बंद केल्यावरचा त्रास अंग पिळवटून काढतो, पण एरवी धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर आत राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास बंद पडू शकतो. म्हणून इथे ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधावर दीर्घकाळ ठेवणं आणि तेही ओपीडीतून, हा जगभर मान्य झालेला मार्ग आहे. बाई गर्भवती असेल तर हे औषध सुरू ठेवणंच आई आणि बाळ दोघांच्या हिताचं. पोटातल्या बाळाच्या काळजीपोटी ते एकदम तोडायला लावणारे नातेवाईक नकळत त्याच बाळाला धोक्यात घालतात. अशा बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच इमारतीत असतील अशा रुग्णालयात सुरुवातीला दाखल करणं चांगलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय असते.

शरीराचा हिशेब झाला. आता घराचा.

एक घर कल्पून पाहू. दोन खोल्या, नवरा रिक्षा चालवतो, संध्याकाळी क्वार्टर आणतो, पूर्वी तोच तिला ‘एकटं प्यायला मजा येत नाही’ म्हणून बसवायचा. डॉक्टरांच्या मोजमापात तिचे गुण कमी आहेत. कागदावर ती ओपीडीची रुग्ण. पण संध्याकाळी सातला, जेव्हा तलफ सगळ्यांत जोरात असते, तेव्हा क्वार्टर तिच्या समोर टेबलावर असणार. या घरात ओपीडी चालत नाही. तिला भरती करा, किंवा महिनाभर न पिणाऱ्या बहिणीकडे पाठवा आणि तिथून ओपीडीला येऊ द्या. हा दुसरा पर्याय फार कमी वेळा सुचवला जातो आणि अनेकदा पुरेसा असतो. आपल्याकडे माहेर नावाची सोय आहे, ती बाळंतपणाला आणि भांडणाला वापरतात. उपचाराला का वापरू नये?

दुसरं घर. तीन बेडरूम, नवरा समजूतदार, दारू घरात येत नाही. ती शिक्षिका आहे, शाळेत अजून कोणाला कळलेलं नाही. झटके नाहीत, यकृत ठीक. नवरा म्हणतो, चांगल्यातल्या चांगल्या केंद्रात ठेवू, पैशांचा प्रश्न नाही. इथे मी ओपीडीच्या बाजूने आहे. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर समुपदेशन, शनिवारी बायकांच्या गटाची बैठक, गोळी रोज नवऱ्यासमोर. तिची नोकरी चालू राहणं हाच तिच्या उपचाराचा मोठा भाग आहे. तीन महिन्यांत दोनदा घसरली, तर भरतीचा दरवाजा उघडा आहेच.

गोळीवरून आठवलं. डायसल्फिराम ही गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. समजून-उमजून, लेखी संमतीने, घरच्यांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, आणि त्या वाचून आलेल्या पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. सुनेच्या चहात ती मिसळणं हा उपचार नाही. तिला न कळत दिलेल्या औषधावर ती प्यायली तर जीव जाऊ शकतो. गरोदरपणी तर ही गोळी टाळतातच.

ओपीडीचीही स्वतःची अडचण असते, ती वेळेची. ‘अकरा ते एक’ ही सरकारी वेळ कामाला जाणाऱ्या पुरुषाला गैरसोयीची. पण डबे, शाळा, पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या बाईला ती आठवड्यातून दोनदा गाठणं म्हणजे दोनदा खोटं बोलणं. तिसऱ्या आठवड्यात कारणं संपतात आणि ती यायची थांबते. तिची इच्छा संपली, असा शेरा तेवढ्यावर केसपेपरवर पडू नये. समुपदेशक फोनवर बोलायला तयार असेल, औषध पंधरा दिवसांचं एकदम मिळत असेल, जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात पुढचं पाहता येत असेल, तर ते आधीच ठरवून घ्यावं. १४४१६ या टेलिमानस सेवेवर मराठीत बोलता येतं. व्यसनांसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय सेवाही मोफत आहे.

आणि मूल? भरतीला नाही म्हणणाऱ्या बायकांचं सगळ्यांत खरं कारण हेच असतं. इथे कायदा तिच्या बाजूने आहे, पण फार थोड्यांना तो माहीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करता येत नाही. मुलाला धोका आहे असं डॉक्टरांचं मत पडलं तर तात्पुरतं वेगळं करता येतं, पण त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा असतो, आईला मूल भेटत राहिलं पाहिजे आणि तीस दिवसांपलीकडे जायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रत्यक्षात आई आणि मूल एकत्र राहू शकतील अशा खोल्या किती केंद्रांत आहेत, हे विचारलं की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. म्हणून तो प्रश्न फोनवरच विचारावा. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी ती कोणाकडे राहतील, शाळेत कोण सोडेल आणि आई कुठे आहे असं त्यांना काय सांगायचं, हे बाईच्या समोर बसून, तिच्या संमतीने ठरवावं. ‘आई गावाला गेलीय’ हे सात वर्षांच्या मुलाला दोन दिवस पुरतं. ‘आई आजारी आहे, बरी व्हायला दवाखान्यात राहिली आहे, रविवारी भेटायला जायचं’ हे महिनाभर पुरतं, आणि खरंही असतं.

दुसरी भीती ती सहसा बोलून दाखवत नाही : मी गेले तर मला परत घरात घेतील का? हीही भीती पोकळ नाही. ज्या नवऱ्याला ती नकोच आहे, त्याला ‘व्यसनी’ हा शिक्का आयता मिळतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १७ ने कौटुंबिक नात्यातल्या स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे. घरात मारहाण होत असेल तर समुपदेशकाने भरतीच्या दिवशीच महिला हेल्पलाइन १८१ आणि संरक्षण अधिकाऱ्याबद्दल तिला सांगावं. काही बायकांसाठी भरतीचे ते पाच आठवडे मारहाणीशिवाय गेलेले कित्येक वर्षांतले पहिलेच आठवडे असतात. डिस्चार्ज जवळ आला की त्यांची झोप उडते. ती उडाली म्हणजे दारूची तलफ, असं समजून चालत नाही.

महाराष्ट्रात बायकांसाठी स्वतंत्र सोय उशिरा आली. मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या कामाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचं बळ मिळालं. तिथे बायका आधी आल्या त्या व्यसनी पुरुषांच्या पत्नी म्हणून. त्यांच्यासाठी अनिताताईंनी ‘सहचरी’ हा गट सुरू केला. व्यसनी बायकांसाठीचा ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग पुष्कळ वर्षांनी झाला. हा क्रम एका संस्थेपुरता नाही. नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेली बाई आपल्या समाजाला लगेच ओळखू येते, स्वतः व्यसनात अडकलेली दिसायला वेळ लागतो.

स्वतंत्र विभाग अजूनही मोजके, आणि या टंचाईचा फायदा घेणारी केंद्रंही आहेत. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा आणि प्रमाणपत्र पाहा. रात्रपाळीला स्त्री-कर्मचारी असतात का? मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात? पहिल्या आठवड्यात घरच्यांना भेटू देतात का, आणि फोन करू देतात का? ‘पहिले तीन महिने संपर्क नाही’ असं सांगणाऱ्या केंद्राचा रस्ता सोडा. साखळीने बांधण्याला कायद्याने बंदी आहे. सक्तीने डोकं भादरण्यालाही आहे. मासिक पाळीच्या वेळचं साहित्य मिळणं हा तिथे राहणाऱ्या बाईचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. आणि ती स्वतःच्या इच्छेने दाखल झाली असेल तर स्वतःच्या इच्छेने घरी जायला मागू शकते. डॉक्टरांना तिची स्थिती गंभीर वाटली तर तपासणीसाठी तिला चोवीस तासांपर्यंतच थांबवता येतं. तिच्या मनाविरुद्ध दाखल करायचं असेल तर त्याची प्रक्रिया वेगळी आहे, दोन तज्ज्ञांनी तिला स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत तीस दिवसांची. नवऱ्याची सही आणि गाडीत घालून आणणारी चार माणसं ही ती प्रक्रिया नाही.

खर्चाचं एका वाक्यात सांगतो : आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींत व्यसनाचा उपचार ठळकपणे वगळलेला असतो, तेव्हा विम्याच्या भरवशावर महागडं केंद्र ठरवू नका.

भरती झाली तरी पुढे ओपीडी आहेच. केंद्रातून निघतानाच पहिल्या तपासणीची तारीख, ती कोणासोबत येणार आणि कोणत्या बसने, हे कागदावर असावं. निदान वर्षभर हे चालतं. मधे एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर ती पुन्हा घेते. घरचे लगेच बॅग भरायला घेतात, किंवा ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून हात झटकतात. एकदा घसरली म्हणून पुन्हा दाखल करायचंच, असा नियम नाही. सलग किती दिवस घेतली, हात थरथरतायत का, मन किती खचलंय, घरात काय घडलं होतं, हे पाहून डॉक्टर ठरवतात. कधी गोळी बदलते, कधी बैठका वाढतात, कधी दहा दिवसांची छोटी भरती पुरते. त्या दिवशी तिला ओपीडीत नेताना सोबत जाणाऱ्याने एवढंच करावं : डॉक्टर तिला प्रश्न विचारत असतील तेव्हा उत्तर तिला देऊ द्यावं.